नळ दुरुस्त झाला

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र तुमच्या पडद्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, घरच्या नाही. तुमचा भाऊ सध्या तुमच्याकडे राहतोय आणि तुमचा फोन त्याच्या हाताला लागतो. माझा नंबर मी बदलला आहे. तो तुम्हालाही देत नाही, रागावू नका. तुम्हीही मला चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावरच लिहा. आमच्या मालकीणबाई पाकीट फोडत नाहीत, नुसतं उजेडात धरून बघतात.

त्याच्याकडून तुम्ही काय ऐकलं असेल याचा मला अंदाज आहे. बायकोनं कोर्टात खेचलं, घरातून हाकललं. माझ्या बाजूचं सांगते. मैत्रिणीकडे जाऊन आले म्हणून त्यानं मला खोलीत कोंडलं आणि बाहेरून कुलूप घालून कामावर गेला. कुलपं बसवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या घरात आतून दार वाजवून काय उपयोग? हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. पण या वेळी संध्याकाळी दार उघडल्यावर मी त्याला बाजूला सारून बाहेर पडायला गेले आणि त्यानं माझं मनगट पिरगाळलं. दुसऱ्या दिवशी दुकानात चष्म्याच्या दांडीचा स्क्रू माझ्या हातून सारखा खाली पडायला लागला. मालकीणबाईंनी काही न विचारता दुकान बंद केलं, मला डॉक्टरकडे नेलं आणि तिथून संरक्षण अधिकारी बाईंकडे. असल्या प्रकरणात बायकांचे अर्ज कोर्टापर्यंत नेणं हे त्यांचं काम.

आता कोर्टानं तात्पुरता आदेश दिला आहे. त्यानं घरी यायचं नाही, माझ्या कामाच्या जागी यायचं नाही आणि माझ्याशी संपर्क ठेवायचा नाही. मला घरातून कुणी काढायचं नाही. पुढच्या तारखांना दोन्ही बाजू ऐकून हा आदेश कायम करायचा की काढून टाकायचा ते ठरेल.

तर मी घरात आहे. नवं कुलूप घेतलं, तेही त्याच्या वैऱ्याच्या दुकानातून, म्हणजे निदान एवढा तरी सूड. तरी आत आल्यावर दाराला खुर्ची लावून बसते. कुलूप लावून बसलेली मी आणि कुलूप लावून कोंडलेली मी, यात फरक काय, असं कधीकधी मनात येतं. किल्ली माझ्याकडे आहे, एवढाच. पण जिन्यात पाऊल वाजलं की तो फरक मला आठवत नाही.

त्यात स्वयंपाकघरातला नळ टपकतोय. प्लंबर उद्या येतो म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही. मी नळाला दोरा बांधलाय, म्हणजे थेंब दोऱ्यावरून गुपचूप खाली उतरतो. तरी मधेच एखादा टप्प वाजतो आणि मी दचकते. झोप अशी लागतच नाही.

एक काम आहे. गॅलरीकडच्या खिडक्यांना जाड कापडाचे पडदे शिवून द्याल का? बाहेरून आत दिसू नये एवढंच हवं.

तुमची,
चष्मेवाली


११ फेब्रुवारी

प्रिय चष्मेवाली,

तुझं पत्र मशीनखाली पाय हलवत वाचलं, म्हणजे मी काम करतेय असं मालकाला वाटावं. मनगटाचं वाचून जीव कळवळला. गरम पाण्यानं शेकतेस ना? माझा भाऊ तापट आहे हे मी कधी नाकारलेलं नाही. पण आई गेल्यावर त्याला मी वाढवलाय गं. लहानपणी अंधाराला घाबरून माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. तो माणूस कोर्टाच्या कागदात वाचताना माझा मला ओळखू येत नाही.

इथे तो अगदी गरीब होऊन राहतोय. जेवण निम्मं टाकतो. आल्या आल्या माझ्या दाराला नवं कुलूप बसवून दिलं, म्हणाला, ताई, तुझं जुनं कुलूप म्हणजे नुसती शोभा. फुकटात झालं, मी कशाला नाही म्हणू?

मला कोर्टातलं काही कळत नाही, म्हणून विचारते. तो आता गुन्हेगार झाला का? माझ्या दारात पोलीस येणार का? आणि तू कोर्टाला एक ओळ लिहून दिलीस की आमचं मिटलं, तर सगळं मिटणार नाही का? तो म्हणतो की त्याला फक्त एकदा समोर बसून बोलायचंय. तो म्हणतो की एकट्या बाईच्या घरात एकेक वस्तू बिघडत जाते आणि मग तिला कळतं. मला एवढंच वाटतं की तुम्ही दोघं सुखात असावं.

पडदे शिवते. खिडक्यांची मापं पाठव, आणि दांडीपासून मोज, चौकटीपासून नको. आणि कुलूप धड घेतलंस ना? एकदा फिरणारं की दोनदा?

तुझी,
वन्सं


१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

आधी भांडण. तुमच्या पत्रात 'तो म्हणतो' दोन वेळा आलंय. मी संरक्षण अधिकारी बाईंना सहज विचारलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. (दांडी सैल होती, मी तिथेच घट्ट करून दिली.) म्हणाल्या, संपर्क म्हणजे फक्त फोन आणि भेट नाही. बहिणीच्या, मित्राच्या, शेजाऱ्याच्या तोंडून निरोप पाठवणं हाही संपर्कच. तेव्हा कृपा करून 'तो म्हणतो' लिहू नका. तुमच्या मनातलं लिहा, ते मला हवंय.

आता तुमचे प्रश्न. तो गुन्हेगार झालेला नाही. या आदेशानं कुणी तुरुंगात जात नाही, त्यानं फक्त रेघ मारून दिली आहे. पण रेघ ओलांडली तर तो मात्र गुन्हा, मग पोलीस येतात. आणि 'आमचं मिटलं' अशी ओळ मी घरात बसून लिहिली तर तिला काही किंमत नाही. आदेश माझा नाही, कोर्टाचा आहे. तो उठवायचा तर मी कोर्टापुढे अर्ज करायचा, आणि मी तो कुणाच्या धाकानं करत नाही याची न्यायाधीश खात्री करून घेणार. तोवर मी स्वतः त्याला घरी बोलावलं तरी त्याला यायची मुभा नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं, वन्सं. कधीतरी मीच विरघळेन याची मला भीती होती.

बाईंनी आणखी एक सांगितलं. हा कायदा बायकोपुरता नाही. आई, बहीण, एका छपराखाली नात्यानं राहणारी कुणीही बाई त्यात येते. मला हे ठाऊकच नव्हतं. मी आपली समजत होते की लग्न केलं तरच हा मान मिळतो.

कुलूप दोनदा फिरणारं आहे, लांब दांड्याचं. दुकानदार म्हणाला, हे उघडायला उस्तादच लागेल. मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. तो हसला, मी हसले नाही.

नळ अजून टपकतोच आहे. मापं मागच्या पानावर लिहिली आहेत, दांडीपासूनच मोजली.

तुमची,
चष्मेवाली


२५ फेब्रुवारी

प्रिय चष्मेवाली,

पडदे सोबतच्या गाठोड्यात आहेत. कापड दुहेरी घेतलंय, उन्हाची तिरीपसुद्धा आत येणार नाही. गुरुवारी हा मालाच्या खरेदीला म्हणून सकाळीच गेला, तेव्हा घरात शांतता मिळाली आणि एका बैठकीत शिलाई उरकली. 'तो म्हणतो' लिहायचं नाही म्हणालीस, नाही लिहीत. मला आपलं वाटतं, एवढंच लिहिते. मला वाटतं की राग दोन्हीकडून थोडा थोडा उतरला पाहिजे.

इथली गंमत सांगते. माझ्या नव्या कुलपाला किल्ली एकच आहे, आणि ती त्याच्याकडे. दुसरी बनवून दे म्हणते, तर म्हणतो उद्या. जगाच्या किल्ल्या बनवणाऱ्याला बहिणीची एक किल्ली जमत नाही बघ! तुझा प्लंबर आणि माझा भाऊ, दोघांचा उद्या एकच दिसतोय. तोवर तोच मला दुकानात सोडतो आणि न्यायला येतो. राणीसारखी वरात चालली आहे माझी.

पडदे लावताना टोक दुमडू नकोस.

तुझी,
वन्सं


१ मार्च

वन्सं,

नळ दुरुस्त झाला.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले. कुलूप लावलेलं होतं, दोनदा फिरवलेलं, अगदी मी लावून गेले होते तसं. आत एकही वस्तू हललेली नव्हती. ओट्याकडे गेले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय चुकलंय ते कळायला वेळ लागला. आवाज नव्हता. दोरा सोडून नीट गुंडाळून ठेवला होता. शेजारी नळातला जुना, झिजलेला वायसर ठेवला होता, प्लंबर ठेवतात तसा, काम केल्याचा पुरावा म्हणून.

प्लंबरला विचारलं, तो आलाच नव्हता. चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, काय चोरीला गेलं? मी म्हटलं, काही नाही. मग काय केलं चोरानं? मी म्हटलं, नळ दुरुस्त केला. त्यांनी शेजारच्या शिपायाकडे बघितलं. वन्सं, त्या बघण्यानं मला मनगटापेक्षा जास्त दुखलं. मार दाखवता येतो. ही माया कशी दाखवू?

मग घरी येऊन तुमची पत्रं पुन्हा वाचली. नळाचं मी प्लंबर सोडून फक्त तुम्हाला सांगितलं होतं. कुलूप दोनदा फिरतं हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. एकट्या बाईच्या घरात एकेक वस्तू बिघडते, हे तुमचं वाक्य नव्हतं. आणि त्याच गुरुवारी तो मालाला गेला होता, हे तुम्हीच लिहिलंत.

मला सरळ उत्तर द्या. तुम्ही त्याला माझी पत्रं दाखवता का?

पडदे मिळाले. लावले आहेत. आत दिवसाही दिवा लावावा लागतो.


९ मार्च

चष्मेवाली,

दाखवत नाही. वाचून दाखवली. सगळी नाही, मधलं मधलं. तो रात्रीचा पाय पोटाशी घेऊन बसायचा, माझ्याशी बोलायचा नाही. मला वाटलं, तुझी ख्यालीखुशाली कळली तर त्याचं मन वितळेल. तू कशी घाबरतेस, नळाच्या आवाजानं कशी दचकतेस, हे ऐकून त्याला स्वतःची लाज वाटेल. कुलपाचं त्यानंच विचारायला सांगितलं होतं. काळजीनं विचारतोय, असं मला वाटलं. मी बहीण आहे, फौजदार नाही.

आणि खरं सांग, त्यानं केलं काय? नळच दुरुस्त केला ना? हात उगारला नाही, एक भांडं हलवलं नाही. तो गेला होता असं मी म्हणतही नाही, मला ठाऊक नाही. पण गेला असेल तर कामच करून आला ना? तुझी झोप होईना म्हणून कुणी एवढी धडपड केली, तर त्याला तुरुंगात घालायचं? माझ्या हातानं वाढवलेला माणूस आहे तो. ही पत्रं कुणाला दाखवू नकोस, पाया पडते.

दुकानातल्या माझ्या खणातून तुझं पहिलं पत्र नाहीसं झालंय. मीच कुठेतरी ठेवलं असेल. खणाला कुलूप होतं.

वन्सं


२८ मार्च

प्रिय वन्सं,

तुमच्या खणातून हरवलेलं माझं पहिलं पत्र सापडलं. काल कोर्टात त्याच्या वकिलांच्या हातात होतं.

त्यांनी त्यातलं नळाचं शेवटचं पान तेवढं न्यायाधीशांपुढे वाचून दाखवलं. माझंच अक्षर, माझाच दोरा, माझाच नळ. म्हणाले, ही बाई घाबरलेली नाही, ती बहिणीच्या आडून नवऱ्याला घरी बोलावते आहे. नळ टपकतो, झोप लागत नाही, प्लंबर येत नाही, याचा अर्थ दुसरा काय? नवऱ्यानं भोळेपणानं बायकोचा शब्द पाळला, आणि आता ती त्यालाच अडकवते आहे. म्हणजे तो आला होता हे त्यांनी कबूल केलं. मीच आणलं, असं म्हणून.

मी तिथे उभी होते. मी तुम्हाला लिहिलेली प्रत्येक ओळ आठवून बघत होते. कुठे मी खरंच बोलावल्यासारखं लिहिलं का? कोंडून ठेवायला त्याला आता खोलीसुद्धा लागत नाही.

बाहेर आल्यावर अधिकारी बाईंनी नीट समजावलं. पहिली गोष्ट, मी वाजतगाजत बोलावलं असतं तरी कोर्टानं आदेश उठवल्याशिवाय त्याला येता येत नव्हतं. आला तो आलाच. पण दुसरी गोष्ट अवघड आहे. मी बोलावलं असं कोर्टाला पटलं, तर हिला संरक्षणाची गरजच काय, असा प्रश्न निघेल. आदेश कायम झाला नाही तर तो कायद्यानं, उजळ माथ्यानं, स्वतःच्या किल्लीनं घरी येईल. आणि मग मला कुठल्या दाराला खुर्ची लावायची ते कळणार नाही.

ते पत्र मी त्याला लिहिलं नव्हतं आणि तुम्ही त्याला वाचून दाखवता हे मला माहीत नव्हतं, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच आहे. तारीख पंधरा एप्रिलची पडली आहे. तुमच्या नावानं समन्स निघेल, दुकानाच्या पत्त्यावर. पत्ता मी दिला. तुम्हाला विचारून द्यायला हवा होता, पण तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी तो तरीही दिला असता, म्हणून विचारलं नाही. माझ्यावर हवं तेवढं रागवा.

मी तो नळ वापरत नाही. पाणी न्हाणीघरातून आणते. चांगला चालतो, एक थेंब गळत नाही, आणि माझा हात त्याच्याकडे जात नाही.

हे माझं शेवटचं पत्र. बाईंनी सांगितलंय, आता लिहू नकोस. तुमची मला फार आठवण येईल, हे मात्र लिहू द्या.

तुमचीच,
चष्मेवाली


७ एप्रिल

प्रिय चष्मेवाली,

तू लिहू नकोस, मी लिहिते. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. पडद्याच्या कापडाखाली वही धरून लिहितेय आणि शेजारच्या मशीनवरची बाई ते टाकणार आहे, कारण पोस्टाच्या वाटेवर मी एकटी जात नाही हल्ली. का ते सांगते.

तुझं पत्र वाचून मी खूप संतापले. मनात तुला नाही नाही ते बोलले. समन्स आलं ते मालकानं त्याच्यादेखत माझ्या हातात दिलं. घरी आल्यावर तो जेवला, भांडीसुद्धा विसळली. दुसऱ्या दिवशी मी उठले तर तो बाहेर गेलेला आणि दाराला बाहेरून कुलूप. मला वाटलं, सवयीनं लावून गेला असेल. दुपारपर्यंत वाट बघितली. माझा फोनही तोच घेऊन गेला होता. खिडकीतून हाका मारल्या, पण आमच्या मागे गोदामाची भिंत आहे, ती काय ऐकणार? संध्याकाळी आला. म्हणाला, ताई, विसरलोच गं. आणि मग माझ्या शेजारी बसून अगदी प्रेमानं म्हणाला, पंधरा तारखेलाही असाच विसरलो तर?

त्यानंतर तू आठवलीस. खोलीत बसलेली. मी तुझं ते पहिलं पत्र त्याला वाचून दाखवलं होतं, पण कोंडल्याचा परिच्छेद सोडून दिला होता, त्याला वाईट वाटेल म्हणून. त्याला!

आता नीट ऐक. कोर्टात मी काय सांगणार ते लिहिते, म्हणजे मी कच खाल्ली तर तू हे पत्रच दाखवायचं. तू मला लिहिलंस, त्याला नाही. वाचून दाखवलं ते मी, तुला न कळवता. कुलपाचं विचारायला त्यानं मला सांगितलं. खणातलं पत्र मी दिलं नाही, कुलूपबंद खणातून ते गेलं. आणि तुला ठाऊक नसलेलं एक. त्या गुरुवारी तो मालाला गेला, पण नेली ती हत्यारांची पिशवी, आणि येताना माल आणला नाही. रात्री जेवताना मीठ मागावं तितक्या सहज म्हणाला, आता तिची झोप मोडणार नाही. मी ऐकलं होतं. नऊ मार्चच्या पत्रात मला ठाऊक नाही असं लिहिलं, तेव्हाही मला ठाऊक होतं.

चौदा तारखेला तो मला नेहमीप्रमाणे दुकानात सोडेल. मी मागच्या दारानं निघून सरळ तुझ्याकडे येणार आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी. घालायला काहीतरी सैलसर काढून ठेव, मी तुझ्याहून रुंद आहे. खुर्ची लावायला आणखी दोन हात होतील. ते पडदे मीच खाली उतरवीन, काय भयानक जाड कापड घेतलं मी.

एक राहिलं. त्याला तुझं दुसरं पत्र वाचून दाखवताना मी 'तो म्हणतो'चं भांडण गाळलं, ते साहजिकच. पण आणखी एक वाक्य गाळलं होतं, आणि का गाळलं ते मला तेव्हा कळलं नाही. जीभच वळली नाही. हा कायदा बहिणीलाही लागू होतो, ते वाक्य.

त्या बाईंची वेळ घेऊन ठेव. माझ्यासाठी.

तुझी,
वन्सं